व्हर्च्युअल सर्व्हरवरील नेम रिझोल्यूशनचे बिघाड

नावावरून आयपी पत्ता शोधण्याच्या कामाला नेम रिझोल्यूशन म्हणतात. व्हर्च्युअल सर्व्हरवर ते अडले की पॅकेज अपडेट होत नाहीत, डेटाबेस जोडला जात नाही, मेल रांगेत पडून राहते. सर्व्हर मात्र चालू असतो आणि आयपी टाकून आत शिरताही येते. ज्या डीएनएस यंत्रणेवर हे काम चालते, तिची रचना पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली.

लिनक्सवर एखादा प्रोग्राम नाव विचारतो, तेव्हा तो एकदम डीएनएसकडे जात नाही. 'एनएसस्विच.कॉन्फ' ही फाइल क्रम ठरवते: बहुधा आधी 'होस्ट्स' फाइल, म्हणजे मशीनवरचीच नावे-पत्त्यांची यादी, मग डीएनएस. 'डिग' ही लोकप्रिय आज्ञा मात्र हा क्रम बाजूला ठेवून थेट नेमसर्व्हरला, म्हणजे नावांचे पत्ते सांगणाऱ्या डीएनएस सर्व्हरला, विचारते. साइट हलवताना चाचणीपुरती 'होस्ट्स'मध्ये टाकलेली ओळ तशीच राहून गेली, तर 'डिग' नवा पत्ता दाखवते आणि ॲप्लिकेशन जुन्याच मशीनवर धडकत राहते. 'गेटएंट होस्ट्स' ही आज्ञा बहुतेक प्रोग्रामांच्याच वाटेने जाते, म्हणून सुरुवात तिच्यापासून करावी.

नेमसर्व्हर कोणता, ते 'रिझॉल्व्ह.कॉन्फ'मध्ये लिहिलेले असते. लिनक्सची नेहमीची सी लायब्ररी त्यातल्या पहिल्या ३ नेमसर्व्हरांनाच ओळखते आणि उत्तराची ५ सेकंद वाट पाहून पुढच्याकडे वळते. पहिला नेमसर्व्हर मेलेला असेल तर काम होते, पण रखडत. 'सर्व्हर स्लो झालाय' या तक्रारीत विलंब दर वेळी नेमका ५ सेकंदांच्या पटीत भरत असेल, तर सीपीयू आणि मेमरी तपासत बसण्यात अर्थ नाही.

उबुंटूवर या फाइलमध्ये सहसा १२७.०.०.५३ एवढेच दिसते. तो त्याच मशीनवरच्या सिस्टमडी-रिझॉल्व्हड या नावे शोधून देणाऱ्या सेवेचा पत्ता. खरे नेमसर्व्हर 'रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस' दाखवते. फाइल हाताने बदलली तर रीबूटनंतर बदल पुसला जाण्याची शक्यता मोठी, कारण ती त्या सेवेने तयार केलेल्या फाइलकडे नेणारी नुसती लिंक असते. बदल नेटप्लॅन या नेटवर्क मांडणीच्या साधनात करावा लागतो.

'८.८.८.८ टाकून बघ' हा सल्ला सर्रास दिला जातो, आणि क्लाउडवर तो पुष्कळदा नवा बिघाड घेऊन येतो. गूगलच्या त्या नेमसर्व्हरला जगजाहीर नावे कळतात, पण खासगी नेटवर्कातल्या डेटाबेसचे नाव कळत नाही. ते क्लाउडच्या आतल्या रिझॉल्व्हरला, म्हणजे तिथल्या नेमसर्व्हरलाच ठाऊक असते. ॲमेझॉनवर १०.०.०.०/१६ या नेटवर्कात तो १०.०.०.२ वर असतो. मायक्रोसॉफ्टच्या अझ्युअर क्लाउडवर, पुण्यातला 'सेंट्रल इंडिया' विभाग धरून, १६८.६३.१२९.१६ वर. ॲमेझॉनच्या रिझॉल्व्हरकडे एका नेटवर्क इंटरफेसवरून सेकंदाला १०२४ पॅकेटच जाऊ शकतात, त्यावरची सोडून दिली जातात. गर्दीच्या वेळी अधूनमधून नावे सापडेनाशी होण्यामागे ही मर्यादा असू शकते. मशीनवरच कॅश ठेवली, म्हणजे मिळालेली उत्तरे साठवली, की भार उतरतो.

उत्तराचा प्रकारही बोलका असतो. 'एनएक्सडोमेन' म्हणजे नेमसर्व्हर पोहोचला आणि असे नाव नाही म्हणाला. इथे फायरवॉलला दोष देऊ नये. काहीच उत्तर आले नाही, तर डीएनएसचा पोर्ट ५३ उघडा आहे का ते पाहावे, यूडीपी आणि टीसीपी या दोन्ही वाहतूक पद्धतींसाठी. मोठी उत्तरे टीसीपीवरून येतात आणि नियम लिहिताना नेमके तेच विसरले जाते.

'सर्व्हफेल', म्हणजे नेमसर्व्हरला उत्तर देता आले नाही, हे अधिक फसवे. जुन्या स्नॅपशॉटवरून उठवलेल्या मशीनचे घड्याळ मागे राहिले आणि डीएनएसएसईसीची, म्हणजे डीएनएस उत्तरांवरच्या डिजिटल सह्यांची, तपासणी त्याच मशीनवर होत असेल, तर वैध सह्याही अजून लागू न झालेल्या ठरतात. घड्याळ लावायला एनटीपी सर्व्हर, म्हणजे अचूक वेळ सांगणारा सर्व्हर, हवा, आणि त्याचे नाव शोधायला बरोबर घड्याळ. म्हणून निदान एक एनटीपी सर्व्हर नावाऐवजी आयपी पत्त्याने नोंदवून ठेवतात.