मिश्रधातू की धातूंची जोडी?

कार्बन डायऑक्साइडपासून विजेवर इंधन करायचं म्हटलं की ‘बायमेटॅलिक’, म्हणजे दोन धातूंच्या, उत्प्रेरकाचं नाव निघतंच. पण दोन धातू एकमेकांत विरघळलेत की नुसते शेजारी बसलेत, हे त्यावरून कळत नाही. आणि सगळी मेख तिथेच आहे.

आधी सुटे धातू. चांदी, सोनं, जस्त मुख्यतः कार्बन मोनॉक्साइडवर थांबतात. कथील फॉर्मेट (फॉर्मिक आम्लाचा क्षार) देतं. मिथेन, इथिलीन, इथेनॉलपर्यंत चांगली मजल मारतं ते तांबं. पण एक ना धड, भाराभर चिंध्या! सगळं एकदमच तयार होतं, वर पाण्यातून हायड्रोजनही सुटतो.

मिश्रधातूत दोन्हींचे अणू एकाच स्फटिकात गुंफलेले असतात. शेजारी पॅलेडियम आलं की मोनॉक्साइडला धरून ठेवायची तांब्याची ताकद बदलते. शिवाय इथेनॉलसाठी दोन कार्बन जुळावे लागतात; तांब्याचे अणू लगोलग नसतील तर ते अवघड होतं.

जोडीत, म्हणजे टँडममध्ये, चांदी चांदीच राहते. तिच्यावर तयार झालेला मोनॉक्साइड सुटून शेजारच्या तांब्यावर जातो, तिथे त्याची दाटी होते आणि कार्बनला कार्बन जुळतो. घन अवस्थेत चांदी-तांबं फारसं मिसळतच नाहीत, हे इथे पथ्यावर पडतं. २०१७ साली तांबं-पॅलेडियमवर प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत अणू शिस्तीत गुंफले तेव्हा एक-कार्बनी पदार्थ जास्त निघाले, धातू वेगळे ठेवले तेव्हा दोन-कार्बनी.

ओळखायचं कसं? एक्स-रे विवर्तनाच्या, म्हणजे स्फटिकावरून एक्स-रे कसे विखुरतात त्याच्या, आलेखात मिश्रधातूची शिखरं सरकतात; जोडीत दोन्ही धातूंची शिखरं आपापल्या जागी दिसतात. वीज दिल्यावर तांब्याचा पृष्ठभाग बदलतो, म्हणून प्रयोगानंतरही तपासावं. हे अनेकजण टाळतात, असं मला वाटतं.

सोलापुरात हा प्रश्न पुस्तकी नाही. साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत आंबवताना ४६ ग्रॅम इथेनॉलमागे ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो, तोही बराच शुद्ध. त्याचं पुन्हा इथेनॉल करायचं तर मी आधी जोडीच लावून बघेन. मात्र इथेनॉलच्या एका रेणूला बारा इलेक्ट्रॉन लागतात, मोनॉक्साइडला दोनच. एवढी वीज एनटीपीसीच्या इथल्या १३२० मेगावॉटच्या कोळसा प्रकल्पातून घेतली, तर वाचवलेल्यापेक्षा जास्त कार्बन त्याच्या धुराड्यातून बाहेर पडेल. ती सौर पॅनेलचीच हवी, आणि उन्हाची तर इथे ददात नाही.