पिंजलेला कापूस, दबलेली जनुकं: कर्करोगाच्या एका औषधगटाची पार्श्वभूमी

गेल्या उन्हाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी मोबाईल घेऊन घरी आला. त्याच्या वडिलांच्या डाव्या गालात बरी न होणारी जखम होती. तुकडा तपासल्यावर कॅन्सर निघाला आणि नागपूरला ऑपरेशनची तारीख मिळाली. मोबाईलवर त्याने एक बातमी उघडून ठेवली होती. कॅन्सरच्या पेशीतली बंद पडलेली जनुकं पुन्हा उघडणारी गोळी निघाली आहे, असं तिच्यात लिहिलं होतं. "सर, हे गोळी बाबाले चालन काय?" त्याने विचारलं. उत्तर "नाही" असं होतं. पण बातमी खोटी नव्हती, म्हणून नुसतं नाही म्हणून त्याला परत पाठवणं मला जमलं नाही.

माणसाच्या एका पेशीत सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनए असतो आणि तो डोळ्यांना न दिसणाऱ्या केंद्रकात मावतो. मावतो कारण तो गुंडाळलेला असतो. हिस्टोन नावाच्या आठ प्रथिनांचा एक गोळा आणि त्याभोवती धाग्याचे जेमतेम पावणेदोन वेढे, असे गोळे ओळीने. जर्मन शास्त्रज्ञ आल्ब्रेख्त कोसेल यांना हे हिस्टोन १८८४ साली हंसाच्या रक्तपेशींत सापडले. पुढे १९१० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पण हिस्टोनांकडे मात्र कितीतरी दशकं नुसतं बांधणीचं सामान म्हणूनच पाहिलं गेलं.

१९६४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत व्हिन्सेंट ऑलफ्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की हिस्टोनांवर अॅसिटिल आणि मिथिल असे छोटे रासायनिक गट चिकटतात, आणि जनुक वाचलं जाण्याशी त्यांचा संबंध असावा. मुलांना हे सांगताना मी पिंजाऱ्याचं उदाहरण देतो. वापरून दबलेल्या गादीतला कापूस ढेकळासारखा घट्ट होतो, त्यात बोट शिरत नाही. पिंजाऱ्याने धनुकलीवर घेतला की तोच कापूस फुलतो. हिस्टोनच्या शेपटांवर, म्हणजे गोळ्याबाहेर आलेल्या टोकांवर, लायसिन नावाचे धन प्रभाराचे घटक असतात आणि डीएनए ऋण प्रभाराचा, म्हणून दोघं एकमेकांना घट्ट धरून राहतात. लायसिनवर अॅसिटिल बसला की त्याचा धन प्रभार जातो, पकड सैल होते आणि जनुक वाचणाऱ्या यंत्रणेला आत शिरायला वाट मिळते. अॅसिटिल चिकटवणारं विकर, म्हणजे एंझाइम, वेगळं आणि काढून टाकणारं वेगळं. मिथिलचं काम निराळं आहे. तो प्रभार बदलत नाही, खुणेसारखा बसतो, आणि खूण कुठे आहे त्यावर अर्थ ठरतो. एच३ या हिस्टोनच्या चौथ्या लायसिनवरची खूण बहुधा उघड्या जनुकाची, तर सत्ताविसाव्यावरची दाबून ठेवलेल्या जनुकाची.

कर्करोगाशी याचा संबंध कळला तो मात्र भलत्याच वाटेने. १९७१ मध्ये शार्लट फ्रेंड या संशोधिका उंदरांच्या रक्तकर्करोगाच्या पेशी वाढवत होत्या. त्या पेशींना त्यांनी डीएमएसओ नावाचं साधं द्रावक घातलं. लाकडाचा लगदा करताना निघणाऱ्या मालापासून बनणारं हे द्रावक, कॅन्सरवरचं औषध म्हणून त्याची काहीच ओळख नव्हती. पण त्या पेशी बेभान वाढायचं सोडून हिमोग्लोबिन बनवू लागल्या आणि लालसर झाल्या. कॅन्सरची पेशी मेली नाही, तर निरोगी पेशीसारखी आपल्या कामाला लागली! त्या काळात कॅन्सरवर औषध म्हणजे मुख्यतः पेशी मारणारं विष. मला या सगळ्या इतिहासात हा प्रसंग सर्वांत मोलाचा वाटतो.

पॉल मार्क्स, रिचर्ड रिफकिंड आणि रसायनतज्ज्ञ रोनाल्ड ब्रेस्लो यांनी डीएमएसओपेक्षा प्रभावी रेणू शोधायला घेतले आणि वर्षानुवर्षं तेच केलं. त्यातून साहा नावाचा रेणू हाती आला. तो काम करत होता, पण पेशीत नेमकं कुठे जाऊन करतो हे त्यांनाही माहीत नव्हतं.

दुसरीकडे जपानमध्ये मिनोरू योशिदा यांनी १९९० मध्ये दाखवलं की ट्रायकोस्टॅटिन नावाचं, मुळात बुरशीविरोधी म्हणून सापडलेलं द्रव्य अॅसिटिल काढणाऱ्या विकरालाच अडवतं. मग १९९६ उजाडलं. डेव्हिड अॅलिस यांच्या गटाने तळ्यातल्या टेट्राहायमेना या एकपेशीय जिवातून अॅसिटिल चिकटवणारं विकर वेगळं केलं. त्याच वर्षी स्टुअर्ट श्रायबर यांच्या प्रयोगशाळेत जॅक टाँटन यांनी काढणारं विकर पकडलं. ऑलफ्रींच्या निबंधाला तोवर ३२ वर्षं झाली होती. दोनच वर्षांनी साहाचंही गुपित उलगडलं: तोही या काढणाऱ्या विकरालाच अडवत होता, म्हणजे अॅसिटिल जागेवर राहतो आणि दबलेलं जनुक उघडतं. ऑक्टोबर २००६ मध्ये व्होरिनोस्टॅट या नावाने अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली, त्वचेत पसरणाऱ्या टी पेशींच्या (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) लिम्फोमासाठी, म्हणजे लसिकांच्या कर्करोगासाठी. मुख्य चाचणीत ७४ रुग्ण होते आणि त्यांतल्या सुमारे ३० टक्क्यांचा आजार ठळकपणे कमी झाला. त्यानंतर २००९ मध्ये रोमिडेप्सिन आलं, २०१४ मध्ये बेलिनोस्टॅट.

मिथिलच्या विकरांची गोष्ट थोडक्यात सांगतो. मिथिलची खूण कायमची असते असा समज होता. २००४ मध्ये यांग शी यांच्या गटाने ती पुसणारं विकर शोधलं आणि तो समज गेला. सत्ताविसाव्या लायसिनवर खूण करणारं ईझेडएच२ काही लिम्फोमांत बिघडून जास्त काम करतं, हे २०१० मध्ये दिसलं. त्याला अडवणारं टॅझेमेटोस्टॅट २०२० मध्ये मंजूर झालं.

एक सावधगिरी इथेच सांगितली पाहिजे. मिरगीसाठी दिलं जाणारं व्हॅल्प्रोएट हेदेखील अॅसिटिल काढणाऱ्या विकराला अडवतं, असं २००१ मध्ये कळलं. ते तालुक्याच्या औषध दुकानातही मिळतं. म्हणून कुणी कॅन्सरवर आपल्या मनाने घेऊ नये. ते यकृताला इजा करू शकतं आणि गरोदरपणात बाळाला धोका असतो.

आता गालाच्या जखमेकडे. आमच्याकडे पानठेल्यावर पन्नीवर सुपारी, तंबाखू आणि चुना घेऊन घोटतात. हा खर्रा हिरडी आणि गालाच्या मध्ये तासन्‌तास धरून ठेवला जातो. याच जागेच्या कॅन्सरचा जनुकीय अभ्यास भारतातल्या शास्त्रज्ञांनी केला आणि तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. तपासलेल्या ११० रुग्णांच्या गाठींत ज्या जनुकांत बदल वारंवार दिसले, त्यांत एमएलएल४ होतं, म्हणजे हिस्टोनवर मिथिल चिकटवणाऱ्या एका विकराचं जनुक. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या २७९ डोके-मान कर्करोगांच्या अभ्यासातही एनएसडी१ आणि केएमटी२डी ही त्याच घराण्यातली जनुकं बिघडलेली आढळली.

म्हणजे आपल्या गावच्या कॅन्सरमध्येही या विकरांचा हात आहे. फरक असा की वर सांगितलेली औषधं विकराला अडवतात. विकर जास्त झालं असेल, तिथे त्यांचा उपयोग. तोंडाच्या गाठींत ही मिथिल चिकटवणारी विकरं बहुधा मोडून निकामी झालेली असतात. आधीच बंद पडलेल्या मोटारीला आणखी ब्रेक लावून काय होणार? शिवाय घट्ट गाठींच्या कॅन्सरमध्ये अॅसिटिलवाल्या औषधांनी एकट्याने फारसं यश दिलेलं नाही. रक्ताच्या आणि लसिकांच्या कर्करोगात ती जास्त चालली.

हे सगळं त्या मुलाला सांगायला पाऊण तास गेला. मध्ये त्याच्या वडिलांचा फोन आला, आणि तोंड कमी उघडत असल्याने त्यांचे शब्द नीट लागत नव्हते. मी त्यांना बोटं उभी धरून तोंडात किती मावतात ते बघायला सांगितलं. निरोगी माणसाची तीन मावतात. त्यांचं एकच गेलं, दुसरं दातांना अडलं. ते ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांच्या कानावर घाल, असं मी पोराला सांगितलं, आणि त्याने मोबाईलवरची बातमी बंद करून ते तिथेच लिहून घेतलं.