लॉगिन करताना शेल कोणती फाइल वाचतो?

उबुंटू लिनक्सच्या मशीनवर एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून दुरून, लॉगिन करावं आणि कालपर्यंत रंगीत असलेला प्रॉम्प्ट, म्हणजे कमांडची वाट पाहणारी खूण, एकदम बेरंग दिसावा. फाइल्सची यादी दाखवणारं 'एलएल' टाइप केलं, तर 'कमांड नॉट फाउंड'. त्याच मशीनसमोर बसून डेस्कटॉपवरचा टर्मिनल उघडावा, तर तिथे सगळं ठीकठाक! अशा वेळी आधी एकच आठवून पाहा: कुठल्याशा सॉफ्टवेअरसाठी होम डिरेक्टरीत 'डॉट बॅश-प्रोफाइल' नावाची नवी फाइल केली होती का?

शेल म्हणजे आपण टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम; उबुंटूतला नेहमीचा शेल म्हणजे बॅश. तो लॉगिन शेल म्हणून, म्हणजे लॉगिन होताच, सुरू झाला की आधी 'इटीसी' डिरेक्टरीतली, सगळ्यांसाठी असलेली प्रोफाइल वाचतो. मग होममध्ये तीन नावं ओळीने शोधतो: डॉट बॅश-प्रोफाइल, डॉट बॅश-लॉगिन, डॉट प्रोफाइल. पहिली जी सापडेल तेवढीच वाचतो. उरलेल्यांना हातही लावत नाही आणि तसं सांगतही नाही. उबुंटूत मुळात असते ती डॉट प्रोफाइल. तीच पुढे 'डॉट बॅश-आरसी'ला बोलावते, आणि रंग, 'एलएल'सारखे अलायस (कमांडची टोपणनावं) सगळे त्या आरसीत असतात. नवी फाइल आडवी आली, की ही साखळीच तुटते. डेस्कटॉपवरचा टर्मिनल मात्र सहसा लॉगिन शेल उघडत नाही. तो थेट आरसी वाचतो, म्हणून तिथे काही बिघडत नाही.

आपण लॉगिन शेल आहोत हे बॅशला कळतं कसं? मला यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच. लॉगिन करून देणारा प्रोग्राम शेलला हाक मारताना त्याच्या नावाआधी एक उणे चिन्ह लावतो. 'इको डॉलर शून्य' टाइप करून पाहा, '-बॅश' असं दिसेल. एवढ्याशा आडव्या रेघेवर सगळं ठरतं.

या वेगवेगळ्या फाइल्सना कारण आहे. प्रोग्राम कुठे शोधायचे ते सांगणाऱ्या 'पाथ'सारखे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (नाव देऊन ठेवलेल्या सेटिंग्ज) पुढच्या प्रत्येक प्रोग्रामला वारशाने मिळतात, म्हणून ते लॉगिनच्या वेळी एकदा ठरवले की पुरे. अलायस वारशाने जात नाहीत. ते प्रत्येक नव्या शेलला नव्याने सांगावे लागतात, म्हणून आरसी. 'पाथ' वाढवणारी ओळ आरसीत टाकली, तर शेलमधून शेल उघडताना तोच पत्ता पुन्हा पुन्हा जोडला जातो.

आरसी हे नावही जुनं आहे. 1960च्या दशकात एमआयटीच्या सीटीएसएस प्रणालीत कमांड ओळीने चालवणाऱ्या फाइलला 'रनकॉम' म्हणत, त्यावरून ते आलं. डॉट प्रोफाइल 1979च्या युनिक्समधल्या बॉर्न शेलची. 1989मध्ये आलेल्या बॅशने ती जपली आणि आपल्या खास गोष्टींसाठी वेगळं नाव पुढे ठेवलं.

2019पासून मॅकवर डीफॉल्ट शेल झेडशेल आहे. त्याच्या फाइल्स निराळ्या, आणि लॉगिनच्या वेळी तो झेडप्रोफाइल आणि झेडएसएचआरसी दोन्ही वाचतो.

उबुंटूवरचा उपाय एका ओळीचा आहे. नव्या फाइलमध्ये एक टिंब, एक मोकळी जागा आणि पुढे जुन्या डॉट प्रोफाइलचा पत्ता लिहायचा. ही फाइल बदलताना आधीचं लॉगिन चालूच ठेवा आणि दुसऱ्या खिडकीतून पुन्हा लॉगिन करून पाहा. काही चुकलंच, तर पहिल्या खिडकीतून दुरुस्त करता येतं.