मऊ पेडल आणि हरवलेले मिलिलीटर

जुन्या ट्रकच्या पुढच्या चाकांवरचे ड्रम ब्रेक काढून डिस्क ब्रेक बसवले, गंजलेल्या नळ्या बदलल्या, नवे ब्रेक ऑइल भरून नळ्यांत अडकलेली हवाही काढली, आणि तरी पेडलवर पाय ठेवताच ते गादीत रुतावे तसे खाली जाते, हा अनुभव असे काम करणाऱ्यांना नवा नाही. बहुतेक जण मग पुन्हा हवा काढायला बसतात आणि तिसरी बाटली रिकामी झाल्यावर नव्या भागांना नावे ठेवू लागतात. माझ्या मते अशा वेळी पाना खाली ठेवून आधी थोडा हिशेब करावा. अवजड ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात, त्यांचे शास्त्र वेगळे. इथे विषय द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या हलक्या ट्रकचा आहे.

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा पास्कलचा नियम आपण शाळेत शिकतो. पण त्याला एक अट चिकटलेली असते: दाब निर्माण होण्याआधी प्रत्येक मोकळी जागा द्रवाने भरावी लागते. समजा, मास्टर सिलिंडरच्या, म्हणजे पेडल दाबताच द्रव नळ्यांत ढकलणाऱ्या नळकांड्याच्या, दट्ट्याचा व्यास २५ मिलिमीटर आहे आणि पेडलच्या तरफेचे प्रमाण ६ ला १ आहे. दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे ४.९ चौरस सेंटीमीटर भरते, म्हणजे १ मिलिलीटर द्रव पुढे ढकलायला दट्ट्या २ मिलिमीटर आणि पेडल सुमारे १२ मिलिमीटर सरकते. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण पेडलचा वाया जाणारा प्रत्येक सेंटीमीटर म्हणजे कुठेतरी गेलेला जवळपास एक मिलिलीटर असतो, आणि तो कुठे गेला हेच शोधायचे असते.

पहिला संशय हवेवर जातो आणि तो रास्तही असतो. ब्रेकचा द्रव त्याच्या नेहमीच्या दाबाखाली अर्धा टक्कासुद्धा आकसत नाही, पण १ मिलिलीटरचा हवेचा बुडबुडा वातावरणाच्या दहापट दाबाखाली ०.१ मिलिलीटरचा होतो. वाटाण्याहून फारशा मोठ्या नसलेल्या या बुडबुड्यापायी पेडलचे ११ मिलिमीटर खर्ची पडतात, आणि पाय उचलला की तो पुन्हा फुगतो, म्हणून पेडल स्प्रिंगसारखे लागते. डिस्क बसवताना हवा अडकण्याचे एक कारण इतके साधे आहे की त्याकडे कोणी पाहतच नाही: डाव्या बाजूचा कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) उजवीकडे आणि उजव्या बाजूचा डावीकडे बसलेला असतो. बोल्ट नीट बसतात, सगळे ठीक दिसते, पण हवा काढायचे निपल वरच्या टोकाला असायचे ते खाली येते. मग कितीही द्रव सोडला तरी वरची हवा जागची हलत नाही. नवा मास्टर सिलिंडर तिरका बसत असेल तर त्याच्या चढावरच्या टोकाशीही असाच बुडबुडा दडतो, म्हणून तो ट्रकवर चढवण्याआधी शेगड्यात (व्हाइसमध्ये) आडवा धरून त्यातली हवा काढून घ्यावी.

मात्र ज्याला हवा समजले जाते ते अनेकदा मागच्या ड्रममधले ढिले अंतर असते. पुढे नवे डिस्क आले म्हणून मागे कोणी हात लावत नाही. ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे ब्रेक शू ढकलायला दोन्ही चाकांत मिळून चार छोटे दट्टे असतात. त्यांचा व्यास २२ मिलिमीटर धरला आणि प्रत्येक ब्रेक शू ड्रमपासून २ मिलिमीटर जास्त लांब राहिला, तर ते अंतर भरायलाच ३ मिलिलीटर द्रव लागतो. वरच्या हिशेबाने पेडलचे साडेतीन सेंटीमीटर इथेच संपले! याची परीक्षा सोपी आहे: हँडब्रेक मागच्या शूंवर चालत असेल तर तो पूर्ण ओढून पेडल दाबावे. पेडल एकदम वर आले तर दोष मागच्या शूंच्या अंतरात आहे, आणि ते जुळवल्याशिवाय हवा काढत बसण्यात अर्थ नाही.

डिस्कचे गणित याहून चोखंदळ आहे. कॅलिपरच्या ७० मिलिमीटर व्यासाच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ ३८ चौरस सेंटीमीटरच्या पुढे जाते, त्यामुळे दोन्ही चाकांवर तो फक्त ०.१ मिलिमीटर जास्त मागे गेला तरी पाऊण मिलिलीटर, म्हणजे पेडलचे ९ मिलिमीटर जातात. चाकाच्या मधल्या जुन्या हबवर गंजाचा पापुद्रा राहिला आणि त्यावर नवी डिस्क आवळली की ती किंचित डुगडुगते आणि चालत्या गाडीत पॅडना मागे ढकलते. उभ्या गाडीत घट्ट असलेले पेडल रस्त्यावर पहिल्या दाबाला खोल जाते, ते बऱ्याचदा यामुळे. ड्रमसाठी बनवलेला जुना मास्टर सिलिंडर तसाच ठेवला असेल तर एवढा द्रव पुरवताना तो कमी पडू शकतो. पण घाईने फार मोठा घेऊनही चालत नाही: व्यास २५ वरून २८ मिलिमीटर केला तर पेडल उंच राहते, पण तेवढ्याच जोराला दाब पाचव्या हिश्शाने घटतो.

पेडल धरून ठेवल्यावर हळूहळू तळाला जात असेल तर ती गोष्टच निराळी. तिथे द्रव बाहेर गळतो आहे किंवा मास्टर सिलिंडरच्या आतल्या रबरी सीलवरून मागे निसटतो आहे. जुना सिलिंडर ठेवून हवा काढताना पेडल तळापर्यंत दाबले की दट्ट्या कधी न गेलेल्या गंजक्या भागात शिरतो आणि सील तिथेच खरवडते, त्यामुळे काल चांगला असलेला भाग आज निकामी होतो. खात्रीसाठी सिलिंडरच्या दोन्ही तोंडांना नळ्यांऐवजी घट्ट बूच लावावे आणि आत हवा नाही असे पाहून पेडल दाबावे. ते दगडासारखे लागले आणि जागचे हलले नाही तर सिलिंडर निर्दोष आहे आणि शोध नळ्या, होज पाईप आणि चाकांकडे वळवावा.

जाता जाता, ब्रेक ऑइल या नावावर जाऊ नये. नेहमीच्या वापरातला हा द्रव तेल नसतो, आणि त्यात इंजिनचे ऑइल पडले तर रबरी सील फुगून खराब होतात.

एवढे सगळे तपासूनही पेडल हलके वाटत असेल आणि याच दुरुस्तीत पहिल्यांदा बूस्टर (पायाच्या जोराला मदत करणारा भाग) बसवला असेल, तर आणखी एक चाचणी उरते. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबावे, मग पाय तसाच दाबून ठेवून इंजिन सुरू करावे. पेडल थोडेसे खाली जाऊन तिथेच ठामपणे थांबले, तर त्यात दोष नाही. बूस्टर त्याचे काम करतो आहे, आणि वर्षानुवर्षे कडक पेडलची सवय झालेल्या पायाला ते मऊ लागते आहे, इतकेच.