बंगर टेकड्यांवर बर्फ का नाही?

अंटार्क्टिकात हिरवीगार दरी सापडली, खाली गरम पाण्याचे झरे आहेत, तिथे कुणाचा तरी गुप्त तळ आहे, असे फॉरवर्ड अधूनमधून फिरत असतात. अशा गप्पांना 1947 साली भरपूर खाद्य मिळालं. अमेरिकन नौदलाच्या ‘ऑपरेशन हायजंप’ मोहिमेतला वैमानिक डेव्हिड बंगर याला पूर्व अंटार्क्टिकाच्या किनारपट्टीत बर्फाच्या मधोमध तपकिरी टेकड्या आणि रंगीत तळी दिसली. याच त्या बंगर टेकड्या. त्याने समुद्री विमान एका ‘तळ्यात’ उतरवून बाटलीभर पाणी घेतलं. पाणी मचूळ! ते तळं नव्हतंच, आत शिरलेला समुद्राचा फाटा होता. रंग होते शेवाळाचे. वर्तमानपत्रांनी मात्र नंदनवन छापून टाकलं.

इथे बर्फ नसण्याचं खरं कारण जमिनीखाली नाही, बर्फाच्या जमाखर्चात आहे. आधी जमा बघा. खंडाच्या आतल्या उंच, बर्फाच्छादित पठारावरून सरकत येणारा बर्फ टेकड्यांवर न चढता बाजूने वाहतो. पश्चिमेकडे डेन्मन आणि स्कॉट या हिमनद्या तो समुद्राकडे ओढून नेतात. उरला आकाशातून पडणारा हिम. त्यातला बराचसा वारा उडवून नेतो.

आता खर्च, आणि खरी गंमत इथेच आहे. पठारावरची जड, थंड हवा उतारावरून खाली घसरते. खाली दाब जास्त, म्हणून ती आकुंचन पावते आणि दर 100 मीटरला साधारण 1 अंशाने तापते. तिच्यातली वाफ तेवढीच राहते, पण वाफ सामावून घेण्याची क्षमता वाढते, म्हणजे सापेक्ष आर्द्रता घटते. अशी तहानलेली हवा बर्फाची थेट वाफ करते. मध्ये पाणी व्हावंच लागत नाही. हे संप्लवन. एकदा खडक उघडा पडला की चक्र सुरू होतं. ताजा हिम 80 टक्क्यांहून अधिक सूर्यप्रकाश परतवतो, काळपट खडक बहुतेक शोषून घेतो. उन्हाळ्यात हवा शून्याच्या आसपास असली तरी उन्हातला खडक हाताला कोमट लागतो, आणि कडेचा बर्फ आणखी मागे हटतो.

सोव्हिएत संघाने 1956 मध्ये इथे ‘ओआझिस’ केंद्र उभारलं. 1959 मध्ये ते पोलंडला दिलं. उघड्या खडकाचं मोल आपल्यालाही कळलं: हिमफळीवर, म्हणजे समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाच्या जाड थरावर बांधलेलं भारताचं ‘दक्षिण गंगोत्री’ केंद्र हिमाखाली गाडलं गेलं, तर नंतरचं ‘मैत्री’ केंद्र शिर्माखर टेकड्यांच्या खडकावर 1989 पासून उभं आहे.