हातगुण मोजायचा कसा?

मार्चमध्ये अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलची बाद पद्धतीची मोठी स्पर्धा असते. एखाद्या पोराचे तिथे लागोपाठ पाच थ्री-पॉइंटर (लांबच्या रेषेबाहेरून टाकलेले तीन गुणांचे शॉट) पडले, की जूनमधल्या एनबीएच्या, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगच्या, ड्राफ्टच्या अंदाज-याद्यांमध्ये त्याचं नाव झपाट्याने वर सरकतं. ‘याच्या हातातच आहे,’ असं लोक म्हणू लागतात. आपल्याकडचा हातगुण म्हणतात तो हाच. वैद्याचा हातगुण असो की नेमबाजाचा, मोजून बघितल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवू नये. इथे तर मोजमाप हाताशी आहे. फक्त लोक चुकीचा रकाना वाचतात.

ड्राफ्ट म्हणजे तीस संघांनी दोन फेऱ्यांत आळीपाळीने नवे खेळाडू निवडायचे, एकूण साठच्या आसपास. ड्राफ्टच्या वर्षात १९ पूर्ण होत नसतील तर खेळाडू पात्र ठरत नाही. त्यामुळे चांगले खेळाडू बऱ्याचदा कॉलेजात एकच वर्ष खेळून बाहेर पडतात. म्हणजे हातात काय, तर ४० मिनिटांचे तीस-पस्तीस सामने. त्यावरून हा मुलगा ४८ मिनिटांच्या, वर्षाला ८२ सामन्यांच्या खेळात काय करेल ते ओळखायचं!

२०११ च्या ड्राफ्टमधले दोघे घेऊ. दोघांचीही कॉलेजातली दोन वर्षं झाली होती, आणि दोघांचं काम बास्केटजवळ रिबाउंड (हुकून परत आलेला चेंडू) घेणं, अंगावर खेळणं. ॲरिझोना विद्यापीठाच्या डेरिक विल्यम्सचे शेवटच्या हंगामात ७४ पैकी ४२ थ्री-पॉइंटर पडले, ५६.८ टक्के. सॅन डिएगो स्टेटच्या कवाय लेनर्डचे ८६ पैकी २५ पडले, २९.१ टक्के. विल्यम्स दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेला आणि लेनर्ड पंधराव्या. पुढे एनबीएत विल्यम्सचा थ्री-पॉइंटरचा आकडा तिशीच्या आसपास अडकला, तर लेनर्डचा कारकिर्दीतला आकडा ३९ च्या आसपास आहे.

आता मुख्य गोष्ट. समजा एखाद्याचा खरा नेम ३५ टक्के आहे. म्हणजे हजारो शॉट टाकले तर शंभरात ३५ पडतील असा. त्याने हंगामात ८० शॉट टाकले, तर किती पडतील? सरासरीने २८. पण छापा-काट्यात दहा वेळा नाणं उडवलं तर दर वेळी पाचच छापे पडत नाहीत, तसंच इथेही होतं. चढउताराचं गणित शाळेतल्या वर्गमुळाचं आहे: ८० × ०.३५ × ०.६५ याचं वर्गमूळ, साधारण ४.३. हे झालं प्रमाण विचलन. त्याच्या दुपटीएवढं दोन्हीकडे सरकलं, की शंभरातल्या पंचाण्णव वेळा पडलेल्या शॉटचा आकडा २० ते ३६ च्या आत राहतो. म्हणजे नेम तोच, हात तोच, आणि तक्त्यात मात्र एका वर्षी २५ टक्के, दुसऱ्या वर्षी ४५! पहिल्याला ‘नेम नाही’ म्हणून सोडून देतात आणि दुसऱ्याला करोडो डॉलर मिळतात. ही चूक निम्मी करायची, तर शॉट दुप्पट करून भागत नाही, चौपट लागतात. ३२० थ्री-पॉइंटर एका हंगामात टाकणारे खेळाडू विरळा.

त्यात आणखी एक भर पडते. कॉलेजांच्या सर्वांत वरच्या विभागात साडेतीनशेहून अधिक संघ, म्हणजे हजारो खेळाडू. हजारो जणांनी नाणी उडवली, तर कुणाच्या तरी हातून ओळीने दहा छापे पडणारच. आपण नेमकं त्यालाच शोधून काढतो.

यावर उपाय म्हणजे आकडा सरासरीकडे ओढून घ्यायचा. प्रत्येकाच्या खात्यात २०० काल्पनिक शॉट जमा करा, ३४ टक्के या सरासरीने पडलेले, म्हणजे ६८. विल्यम्स: (४२ + ६८) भागिले (७४ + २००), म्हणजे ४०.१ टक्के. लेनर्ड: (२५ + ६८) भागिले (८६ + २००), म्हणजे ३२.५ टक्के. दोघांमधलं जवळपास २८ टक्क्यांचं अंतर साडेसातवर आलं. दोनशेच का? खेळाडू-खेळाडूंच्या खऱ्या नेमातला पसारा, म्हणजे त्याचं प्रमाण विचलन, ३.३ टक्के धरलं, तर ०.३४ × ०.६६ भागिले ०.०३३ चा वर्ग, उत्तर येतं २०६. पसारा जितका लहान धराल, तितके काल्पनिक शॉट जास्त घालावे लागतात. सगळे जवळजवळ सारखेच असतील, तर एखाद्याचा वेगळा दिसणारा आकडा बहुधा नशिबाचा असतो, इतकाच त्याचा अर्थ.

उरलेलं अंतर फ्री थ्रोच्या, म्हणजे फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या शॉटच्या, रकान्यात मिटतं. फ्री थ्रोची रेषा बोर्डाच्या पातळीपासून १५ फूट, कॉलेजात आणि एनबीएत तीच. समोर हात वर करून कुणी उभा नाही, चेंडू त्याच मापाचा, रिंग तीच. थ्री-पॉइंटरचं तसं नाही. २०११ साली कॉलेजची रेषा २० फूट ९ इंचांवर होती, एनबीएची समोरून २३ फूट ९ इंच. (२०१९ पासून कॉलेजची रेषा २२ फूट पावणेदोन इंचांवर गेली.) शिवाय फ्री थ्रोत माणसामाणसांतला फरक मोठा असतो, कुणी पन्नास टक्के तर कुणी नव्वद. खरा फरक मोठा आणि नशिबाचा चढउतार लहान, म्हणून मनगट आणि बोटांची खरी ओळख तिथे लवकर पटते. त्या हंगामात विल्यम्सचे फ्री थ्रो ७४.६ टक्के होते आणि लेनर्डचे ७५.९.

दुसरं उदाहरण लॉन्झो बॉलचं. यूसीएलए विद्यापीठाकडून थ्री-पॉइंटर ४१.२ टक्के, फ्री थ्रो मात्र ६७.३. २०१७ मध्ये दुसऱ्या क्रमांकाची निवड, आणि एनबीएच्या पहिल्या हंगामात थ्री-पॉइंटर ३०.५ टक्के, फ्री थ्रो ४५.१. पुढे त्याने शॉट टाकण्याची ढब बदलली आणि आकडे सुधारले, हेही सांगायला हवं. फ्री थ्रोवरून आजचा हात कळतो. तो उद्या शिकणार नाही, असं त्यावरून ठरत नाही.

किती टक्के पडले यापेक्षा किती टाकले हा आकडा लवकर स्थिरावतो, म्हणून तो आधी वाचावा. बेन सिमन्सने एलएसयू विद्यापीठाकडून अख्ख्या हंगामात तीनच थ्री-पॉइंटर टाकले, एक पडला. याला ३३ टक्के म्हणणं निरर्थक आहे. ‘हा बाहेरून टाकतच नाही’ ही खरी माहिती, आणि २०१६ मध्ये पहिल्या क्रमांकावर निवड होऊनही त्याने पुढे बाहेरून चेंडू जवळपास टाकलाच नाही.

ड्राफ्टआधीच्या चाचणी शिबिरातल्या आकड्यांचाही असाच गाजावाजा होतो. पुढे एनबीएतला मोठा स्कोअरर ठरलेल्या केविन ड्युरंटला २००७ मध्ये १८५ पौंडांचा बार एकदाही उचलता आला नव्हता. उंचीचं वेड तर आपल्यालाही ठाऊक आहे: २०१५ मध्ये पंजाबचा सात फूट दोन इंचांचा सतनाम सिंग ५२ व्या क्रमांकावर निवडला गेला तेव्हा भारतभर बातम्या झाल्या. तो कॉलेजात खेळलाच नव्हता, आणि एनबीएच्या मुख्य हंगामात त्याला एकही सामना मिळाला नाही.

मात्र शरीराची काही मापं खरंच उपयोगी पडतात, कारण त्यांत नशिबाचा भाग जवळजवळ नसतो. लेनर्डची उंची अनवाणी साडेसहा फूट, पण दोन्ही हात पसरले की टोकापासून टोकापर्यंत सात फूट तीन इंच. तळहात पसरल्यावर अंगठ्यापासून करंगळीपर्यंत सव्वाअकरा इंच. सामन्यामागे दहाहून अधिक रिबाउंड त्याच हातांनी आले होते. ड्राफ्टच्याच रात्री सॅन अँटोनियो संघाने जॉर्ज हिलसारखा कसलेला गार्ड (बास्केटपासून दूर राहून चेंडू खेळवणारा) देऊन त्याला इंडियाना संघाकडून घेतलं, आणि तिथले तेव्हाचे नेमबाजीचे प्रशिक्षक चिप एंगलँड यांनी त्याच्या हातातून चेंडू सुटण्याच्या ढबीवर काम केलं. पहिल्याच हंगामात त्याचे थ्री-पॉइंटर ३७.६ टक्के पडले. फ्री थ्रो ७७.३, म्हणजे कॉलेजात होते जवळपास तितकेच.