डावीकडे वळणारी तबकडी आणि उद्यमनगरची सरफेस प्लेट

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये ग्रॅनाइटची सरफेस प्लेट आहे, म्हणजे मापं घ्यायचा अगदी सपाट दगड. एरवी तिच्यावर पंपाचे आणि व्हॉल्व्हचे भाग तपासले जातात. मे महिन्यातल्या एका सकाळी आम्ही तिच्यावर प्लॅस्टिकच्या चार तबकड्या पालथ्या न घालता सरळ ठेवल्या आणि मिस्त्रींना म्हटलं, "ह्यांच्या कडेचं नाक प्लेटपासून किती उंचावर आहे, तेवढं बघून सांगा."

मिस्त्रींनी हाइट गेज पुढे ओढला. "नाक म्हणजे पार्टिंग लाइन म्हणा की. साच्याचे दोन भाग मिळतात ती रेघ."

त्यांनी एका वाक्यात विषयाचं मूळ पकडलं होतं. तबकडी हवेत कुठे वळणार, हे बरंचसं त्या रेघेच्या उंचीवर ठरतं.

या तबकड्या डिस्क गोल्फच्या. गोल्फसारखाच खेळ, फक्त चेंडूऐवजी तबकडी हाताने फेकायची आणि खड्ड्याऐवजी साखळ्या लावलेल्या टोपलीत टाकायची. ही साखळ्यांची टोपली अमेरिकेतल्या एड हेडरिक यांच्या डोक्यातून निघाली. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये पहिलं कायमचं मैदान झालं आणि पुढच्याच वर्षी पीडीजीए ही डिस्क गोल्फची संघटना उभी राहिली. लांब फेकायच्या तबकड्यांना ड्रायव्हर म्हणतात. त्यांची कड रुंद आणि धारदार असते. टोपलीजवळ वापरायची ती पटर, बोथट कडेची आणि संथ. पटरमध्येही एक हट्टी जात आहे, ओव्हरस्टेबल. उजव्या हाताच्या खेळाडूने नेहमीच्या बॅकहँडने फेकली, तर शेवटी ती ठामपणे डावीकडे वळून खाली बसते. टोपलीत टाकण्यापेक्षा टोपलीजवळ नेऊन ठेवायला, झाडाला वळसा घालायला आणि वाऱ्याच्या तोंडावर फेकायला ती कामाची.

ती का वळते, हा प्रश्न मला या खेळात सगळ्यात जास्त आवडतो. वळणारी वस्तू कोल्हापूरकराला नवीन नाही. शाहू स्टेडियमच्या गॅलरीत बसून आपण खेळाडूंच्या भिंतीला वळसा घालून जाणारी फ्री किक कितीदा पाहिली आहे. तिथे फिरकीमुळे चेंडूच्या दोन बाजूंवरचा हवेचा दाब कमीजास्त होतो आणि चेंडू सरकतो. तबकडीचं तसं नाही. तिची कड इतकी पातळ असते की बाजूला ढकलणारं हे बल नगण्य राहतं. तिचं वळण समजायला भोवरा आठवावा लागतो.

फिरता भोवरा बोटाने हलकेच ढकला. तो ढकलल्या दिशेला पडत नाही, आडव्याच दिशेला झुकतो. फिरणाऱ्या वस्तूचा हा स्वभाव आहे: धक्का एका जागी बसतो आणि परिणाम पाव फेरा पुढे दिसतो. उजव्या हाताची तबकडी वरून पाहिली तर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरत असते. हवेने तिची पुढची कड वर उचलली, तर परिणाम पाव फेऱ्यानंतर, म्हणजे उजव्या बाजूला दिसतो. उजवी बाजू वर जाते, डावी खाली येते आणि तबकडी डावीकडे कलते. पुढची कड खाली दाबली गेली, तर बरोबर उलटं.

आता पुढची कड कधी उचलली जाते आणि कधी दाबली जाते? हवेचा उचलणारा जोर एका बिंदूवर एकवटला आहे असं मानलं, तर तो बिंदू तबकडीच्या मध्यावर स्थिर नसतो. सुरुवातीला तबकडी वेगात आणि जवळपास आडवी असते, तेव्हा तो मध्याच्या मागे असतो. पुढची कड दबते आणि तबकडी किंचित उजवीकडे झुकू पाहते. याला टर्न म्हणतात. पुढे वेग कमी होतो, ती खाली येऊ लागते, समोरची हवा तिच्या पोटाला जास्त तिरकी लागते आणि तो बिंदू मध्याच्या पुढे सरकतो. पुढची कड उचलली जाते, डावं वळण सुरू होतं. हा फेड. वेग झपाट्याने कमी होतो, पण फिरकी मात्र बरीचशी टिकून असते, म्हणून तबकडी कोलमडत नाही, ऐटीत कलते. ओव्हरस्टेबल तबकडीचा आकारच असा की तो बिंदू वेगातसुद्धा मध्याच्या मागे फारसा जात नाही. कडेचं नाक उंचावर असलं की हे साधतं, असा तबकड्या बनवणाऱ्यांचा आणि फेकणाऱ्यांचा अनुभव आहे.

आमच्याकडच्या तीन तबकड्या बाजारात नव्यानेच उतरलेल्या एका परदेशी उत्पादकाच्या होत्या. एक साचा खोल कडेचा, तो मऊ आणि कडक अशा दोन प्लॅस्टिकमध्ये. दुसरा साचा सपाट माथ्याचा, कडेखाली गोल मणी असलेला. चौथी तुलनेसाठी, वर्षभर हातात खेळलेली, डिस्क्राफ्ट कंपनीची झोन नावाची पटर. झोनवर ४, ३, ०, ३ असे आकडे असतात: वेग, तरंग (म्हणजे हवेत तरंगत राहणं), टर्न आणि फेड. नव्या तिन्हींवरही फेडचा आकडा ३ होता.

हे आकडे कोण तपासतं? पीडीजीए मापं तपासते. व्यास किमान २१ सेंमी, वजन व्यासाच्या दर सेंटिमीटरला जास्तीत जास्त ८.३ ग्रॅम. २१.२ सेंमीच्या पटरला म्हणून १७६ ग्रॅमच्या आसपास मर्यादा पडते. फेडचा आकडा मात्र उत्पादक स्वतःच्या अंदाजाने छापतो. एकाचा ३ आणि दुसऱ्याचा ३ एकच असेल, याची हमी कोणी देत नाही. नव्या उत्पादकाच्या बाबतीत तर मागचा अनुभवही हाताशी नसतो. म्हणून मोजायचं.

वजन गुजरीतल्या एका ओळखीच्या सराफाच्या काट्यावर केलं. तिन्ही छापल्याप्रमाणे भरल्या. उंची मिस्त्रींनी मोजली आणि तिथे खरी गोष्ट सापडली. एकाच साच्यातल्या मऊ आणि कडक तबकडीच्या नाकात जवळपास एक मिलिमीटरचा फरक होता. कडकचं नाक वर.

मिस्त्रींना त्यात नवल वाटलं नाही. "साचा एक असला म्हणून काय झालं? माल वेगळा, तर आकसणं वेगळं." शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या कुठल्याही फाउंड्रीत हे माहीत असतं. बिडाचं ओतकाम थंड होताना साधारण १ टक्का आकसतं, म्हणून पॅटर्न, म्हणजे ज्यावरून साचा घडवतात तो नमुना, तेवढा मोठा करतात. प्लॅस्टिकमध्ये हे आकसणं जातीनुसार बदलतं, शिवाय तबकडी साच्यातून किती गरम असताना काढली यावरही माथा फुगतो किंवा बसतो. माथा आणि कड बदलली की उड्डाण बदललं. एकाच साच्याला एकच आकडा छापणं मला म्हणूनच पटत नाही.

फेकायला आम्ही एका कॉलेजचं मैदान निवडलं, पहाटे, फुटबॉलवाली पोरं यायच्या आधी. फक्कीने पन्नास मीटरची सरळ रेघ मारली. फेकणारा एकच, माझा भाचा. तबकड्यांचा क्रम दर फेरीला बदलायचा, म्हणजे हात दमल्याचा दोष एकाच तबकडीच्या माथी येत नाही. प्रत्येकीच्या दहा फेकी. मी मागे उभा राहून मोबाइलवर स्लो मोशन घेत होतो.

कडक तबकडी अपेक्षेप्रमाणे सगळ्यात डावीकडे गेली, रेघेपासून सात-आठ पावलं. झोन तिच्या आत, मऊ तबकडी आणखी आत. गोंधळ सपाट माथ्याच्या तबकडीने केला. ती रेघेच्या सगळ्यात जवळ पडत होती. "मामा, ही तर सरळच जातेय, ओव्हरस्टेबल कसली?" भाचा म्हणाला, आणि नुसती पावलं मोजली असती तर मीही तेच लिहिलं असतं.

व्हिडिओत वेगळंच दिसलं. सपाट तबकडी सगळ्यांच्या आधी कलायला लागत होती. पण तिच्यात तरंगच कमी. वळण रंगात यायच्या आत ती गवतात बसायची. म्हणजे डावीकडे किती गेली हे अंतर एकट्या फेडचं माप नाही. हवेत आणखी किती वेळ राहिली, हेही त्यात मिसळलेलं असतं. ओव्हरस्टेबल पटरची तुलना करणाऱ्याने कलणं कुठल्या क्षणी सुरू झालं ते पाहावं. वहीत पावलांच्या शेजारी तो रकाना आम्ही त्या दिवसापासून घातला.

गावाच्या उंचीबद्दल मला कोणीतरी विचारतंच. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर आहे, त्यामुळे हवा रत्नागिरीच्या किनाऱ्यापेक्षा साधारण ५ टक्के विरळ. विरळ हवेत तबकडीवरचा जोर कमी पडतो. पण हा जोर वेगाच्या वर्गाने बदलतो. ताशी ६५ किमी वेगाने सुटलेल्या तबकडीला समोरून ताशी पावणेदोन किमीची झुळूक लागली, की हा सगळा ५ टक्क्यांचा फरक भरून निघतो. तेवढी झुळूक गालालाही धड जाणवत नाही. म्हणूनच चाचणी पहाटेची, आणि झाडाचं पान हललं की फेक बाद.

समोरून ताशी २० किमीचा वारा असेल तर मात्र हवेच्या दृष्टीने तबकडीचा वेग ८५ होतो आणि जोर १.७ पट. साधी पटर अशा वेळी उजवीकडे उलटून जमिनीवर गडगडते. जूनमध्ये पश्चिमेचा वारा सुटला, तसे आम्ही तोंडावर वारा घेऊन पुन्हा तीच रेघ मारली. मऊ तबकडी दोनदा उजवीकडे घसरली. झोन जवळजवळ सरळ. कडक आणि सपाट या दोघी मात्र वाऱ्यातही डावीकडे वळल्या. सपाट तर दर खेपेला जवळपास त्याच जागी बसली. मला त्या दिवशी तिचं मोल कळलं. वाऱ्यात तीस मीटरवरून टोपलीशी न्यायची असेल, तर मी तीच उचलतो. वळसा घालायचा असेल तर कडक. मऊ तबकडी पावसात हाताला छान चिकटते, पण तिला ओव्हरस्टेबल म्हणायला मी तयार नाही.

एक मोजणं राहिलं आहे. दगडाला, झाडाला आपटून कड झिजते, नाक खाली येतं आणि तबकडी हळूहळू सरळ जायला लागते. कडक तबकडी भाच्याकडे दिली आहे, रोज फेकायला. दसऱ्यानंतर ती पुन्हा मिस्त्रींच्या प्लेटवर जाईल. पहिला आकडा त्यांनी खडूने भिंतीवर लिहून ठेवला आहे.